पापडांच्या दिवसांतलं पुस्तक

होळी झाली की सुरतेच्या लिंबायतमध्ये दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, पापड आणि परीक्षा. पहिलीची तयारी जोरात असते, दुसरीची यथातथाच. मला शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता उधन्याला मुलाकडे राहते, घरात परीक्षा कुणाचीच नसते आणि पापड दुकानातून येतात. तरी मार्च सरत आला आणि कुठल्या तरी गच्चीवरून उडदाच्या पिठाचा, हिंगाचा वास खाली उतरला की मी उगाचच पर्समध्ये कपाटाची किल्ली शोधते. किल्ली केव्हाच शाळेत जमा केली आहे, हे मग आठवतं.

परवा असाच वास येत होता आणि शेजारची दर्शना आली. तिची कार्तिकी सहावीत आहे. शाळा इंग्रजी, रिक्षावाल्याशी गुजराती, टीव्हीशी हिंदी आणि आईशी भांडण तेवढं मराठीत. दर्शना म्हणाली, "काकू, सुट्टीत हिला मराठी पुस्तकं वाचायला लावायची आहेत. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी चांगली कुठली, त्याची यादी द्या ना करून. पण चांगलीच हवीत हं."

मी कागद घेतला. वर 'चांगली पुस्तकं' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली. मग आणखी एक रेघ मारली. पुढे काही सुचेना. "दोन दिवस दे," म्हणाले. ती गेल्यावर मला माझंच हसू आलं. एक काळ असा होता की ही यादी मी एका दमात लिहून दिली असती, वर दर्शनाला दोन शब्द सुनावलेही असते. पण नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका उन्हाळ्यानं माझी ती घमेंड उतरवली, आणि उतरवली ती अशी, की अजून आठवलं तरी बरं वाटतं.

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन सुरतेला आले आणि पालिकेच्या मराठी शाळेत लागले. शिक्षिकेला इथे बाई म्हणत नाहीत, बेन म्हणतात, मराठी शाळेतसुद्धा. सुरुवातीला मला ते खटकायचं. पुढे माहेरी कुणी बाई म्हणालं तर मागे वळून पाहायला लागले, कोणाला हाक मारली म्हणून. आमची मुलं झाडून सगळी खानदेशातली. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती. वर्गात माझ्या भीतीनं मराठी. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाचे पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यात. त्यांची बोटं बघून त्या आठवड्यात कुठला रंग चालू आहे ते कळायचं. शाळेच्या भिंतीला लागूनच माग होते. त्यांचा खडखडाट दिवसभर चाले, म्हणून आम्ही सगळ्या शिक्षिका जरा वरच्या पट्टीत बोलायचो. माझी सून म्हणते, आई फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज काय. तिला काय सांगणार, ते लिंबायतचं देणं आहे.

सातवीचा वर्ग माझ्याकडे होता आणि सातवी म्हणजे आमच्या शाळेचं शेवटचं टोक. पुढे थोडी मुलं गुजराती शाळेत जायची, थोडी कामाला लागायची, मुली घरी बसायच्या. म्हणजे मराठी पुस्तक हातात यायचं ते तिथपर्यंतच. त्यानंतर मराठी उरणार ती लग्नपत्रिकेपुरती. म्हणून माझा एक हट्ट होता. शाळा सोडण्याआधी प्रत्येक मुलानं एक तरी पुस्तक, धड्यातलं नव्हे, आपणहून, शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असावं. एकच. त्या वर्षी हा हट्ट वर्गातल्या एका मुलीवर येऊन थांबला होता. तिचं नाव रेखा.

रेखाला वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. उलट धडा वाचायला उभी राहिली की मागांचा आवाजसुद्धा दबतो की काय असं वाटे, इतकी स्वच्छ वाचायची. पण पुस्तक नेलं की पुढच्या शनिवारी जसंच्या तसं परत. मी विचारायची, "वाचलंस?" ती मान हलवायची. "काय होतं त्यात?" मग ती खिडकीकडे बघायची. पुस्तकात मी बसची जुनी तिकिटं खूण म्हणून घालून द्यायची, ती तिसऱ्या पानावरून हललेली नसत.

माझं कपाट होतं हिरवं, लोखंडी. त्यातली पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे, आणि ते मी किती मन लावून करत होते! भाषा शुद्ध हवी. शेवटी बोध हवा. थोरामोठ्यांची चरित्रं तर हवीतच. खोटं बोलणारी, उलट उत्तर देणारी मुलं पुस्तकात नकोत, ती वर्गात काय कमी आहेत? ही चाळणी लावून उरलेली पुस्तकं मी वरच्या तीन खणांत लावली होती. नापास झालेली तळाच्या खणात, फाटक्या नकाशांच्या खाली. दर शनिवारी हजेरीच्या क्रमांकानं पुस्तक मिळे. भांडणं नकोत म्हणून. पहिल्या क्रमांकाला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. ज्याच्या नशिबी जे येईल ते. आज लिहिताना कळतं, रेशनच्या दुकानात यापेक्षा जास्त निवड असते.

होळीनंतर रेखा शाळेत येईनाशी झाली. परीक्षा तीन आठवड्यांवर. चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या चाळीत गेले. खाली कुणी नव्हतं. वरून लाटण्यांचा आवाज येत होता. लोखंडी जिना चढून गच्चीवर गेले तर सगळी गच्ची पापडांनी भरलेली. जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यांवर गोल गोल पापड, कडेला सावली धरून पाच-सहा बाया पोळपाट घेऊन बसलेल्या. चाळीचा रिवाजच होता, आज हिचे पापड, उद्या तिचे, एकीच्याही घरी एकटीनं पापड लाटायचे नाहीत. रेखा मधोमध बसून पापड लाटत होती. मला बघून तिनं मान आणखी खाली घातली.

तिची आई, सुमनबाई, उठून उभी राहिली. "बठा बेन. लाटी खा पहिले."

तेल लावलेली पापडाची कच्ची लाटी मिऱ्याचा ठसका देत घशाखाली उतरते, तेव्हा माणसाला रागावून बोलणं जमत नाही. तरी मी बोलले. परीक्षा, शेवटचं वर्ष, मुलीचं नुकसान, सगळं. सुमनबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चार दिन ऱ्हाऊ द्या तिले. हात कमी पडतस."

कोपऱ्यातून धुरपामावशी बोलल्या. त्या चाळीत सगळ्यांत मोठ्या, तोंडानंही आणि वयानंही. "कशाना हात? तिना पापड जाडाच व्हतस. त्यानापेक्षा वाचू द्या तिले."

सगळ्या हसल्या. आणि त्या हसण्यातून तोड निघाली. रेखानं सकाळी शाळेत यायचं, दुपारी गच्चीवर पापड लाटायचे नाहीत, सगळ्यांना पुस्तक वाचून दाखवायचं. सुमनबाईंना जाड पापडांपासून सुटका, मला माझी विद्यार्थिनी. मी खुशीत जिना उतरले. आता माझी चांगली पुस्तकं चाळभर पोचणार, अशी स्वप्नंही वाटेत पाहिली.

दुसऱ्या दिवशी एका थोर पुरुषाचं चरित्र दिलं आणि मागोमाग मीही गेले, कौतुक बघायला. रेखा सुरेख वाचत होती. दहा पानं झाली, वीस झाली. थोर पुरुष लहानपणीच थोर होते, शाळेतही थोर होते. धुरपामावशींनी लाटणं थांबवलं. "हाऊ मानूस कव्हय चुकस का नई?" मी म्हटलं, थोर होते ना ते. त्या म्हणाल्या, "मंग आम्ही काय करूत आयकीसन?"

पुढच्या दिवशी बोधकथा. एक खरं बोलणारा मित्र, एक खोटं बोलणारा. अर्ध्यातच मावशींनी शेवट सांगून टाकला आणि वर मला म्हणाल्या, "माले पहिलेच समजनं व्हतं, बेन." तिसऱ्या दिवशी मी माझं लाडकं पुस्तक दिलं, निसर्गाच्या वर्णनाचं. त्यातली भाषा काय सुंदर! हिरवेगार डोंगर, खळाळते झरे. रेखाचा आवाजही त्यात छान लागला होता. पाच-सहा पानांनंतर सुमनबाईंनी अगदी हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेतानं विचारलं, "डोंगर शे, नदी शे. मानसं कथा गयात?" माणसं कुठे गेली, म्हणून.

मला राग आला होता, खोटं का सांगू. नाशिकच्या शिकलेल्या बाईच्या निवडीला चाळीतल्या बायका नावं ठेवतात म्हणजे काय! पण त्याच वेळी माझं लक्ष रेखाकडे गेलं. ती पुस्तक मिटून हसत होती. आईचं बोलणं ऐकून नव्हे, सुटका झाली म्हणून. वर्षभर शनिवारी खिडकीकडे बघताना तिला नेमकं हेच म्हणायचं असणार आणि बेनसमोर म्हणता येत नसणार.

शनिवारी मी तिला कपाटाची किल्ली दिली. "जा, तूच निवड," म्हणाले, जरा फणकाऱ्यानंच. ती कपाटासमोर बसली. वेष्टन बघेना, नाव वाचेना. एकेक पुस्तक काढायची, बरोबर मधे उघडायची, दोन परिच्छेद वाचायची आणि ठेवून द्यायची.

"हे काय चाललंय? पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात."

"बेन, पप्पा तागा मधूनच खोलून बघतात," ती म्हणाली. तिचे वडील विणून आलेलं कापड मेजावर पसरून तपासायच्या कामावर होते. "सुरुवातीला सगळेच चांगलं विणतात. मधे नजर हटते ना."

वरचे तीन खण संपले. ती तळाच्या खणाकडे वळली, नकाशांखाली हात घालून एक पुस्तक ओढून काढलं. कव्हर गेलेलं, नावाचं पान गेलेलं. मधे उघडलं. वाचायला लागली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मांडी बदलली.

"ते नको," मी म्हणाले. ते मी ओळखलं होतं. गोदी नावाची एक मुलगी असते. तिची बकरी काका आठवडे बाजारात विकून टाकतो आणि ती कुणाला न सांगता बकरीच्या शोधात निघते. वाटेत ती पोलीसपाटलाला खोटं सांगते, वीटभट्टीवर नाव बदलून राहते. चाळीसाव्या पानावर मी पुस्तक नापास केलं होतं, पुढे वाचलंही नव्हतं.

"हेच द्या ना, बेन," रेखा म्हणाली. वर्षभरात तिनं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं.

मग गच्चीवर जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. पापड संपले, कुरडया आल्या, शेवया आल्या. चिकाच्या पातेल्याची वाफ, शेवया वाळत घातलेल्या काठ्या, कैरीच्या फोडी मीठ लावून पुढे ठेवलेल्या, आणि त्या सगळ्यातून रेखाचा आवाज. माझी सकाळची शाळा सुटली की पाय तिकडेच वळायचे. गोदी वीटभट्टीवर विटा वाहायला लागली तेव्हा बायकांनी भट्टीच्या कामातल्या चुका काढल्या आणि दोन गोष्टी बरोबर आहेत म्हणून मान्यही केल्या. ती खोटं बोलली तेव्हा मी जरा अवघडून बसले होते. धुरपामावशी म्हणाल्या, "खोटं नई बोलनार त मंग काय करी ती?" आणि दोन पानं गेली की सुमनबाईंचा एक प्रश्न ठरलेला. "हाई पोर भाकर कव्हय खाई?" पुस्तकात गोदी एकदाची जेवली, तेव्हा गच्चीवर सगळ्यांनी लाटणी खाली ठेवली.

दहा-बारा वर्षांच्या मुलांचं मला तिथे पहिल्यांदा काही कळलं. हे मोठं चमत्कारिक वय. सशाच्या गोष्टी दिल्या तर अपमान वाटतो आणि मोठ्यांची पुस्तकं दिली तर कंटाळा येतो. त्यांना कुणी शिकवायला आलेलं लांबूनच ओळखू येतं. मात्र अन्याय त्यांना लगेच कळतो, आपल्यापेक्षाही लगेच. आपल्याएवढं कुणी तरी एकटं घराबाहेर पडलं, चुकलं, भ्यालं, तरी चालत राहिलं, हे त्यांना बघायचं असतं. त्यात बाप कामाला जातो की नाही, पोर जेवते की नाही, हेही बघायचं असतं. सुमनबाई विचारत होत्या ते प्रश्न रेखाचेच होते. मी पुस्तकांच्या आणि मुलांच्या, दोन्हीकडच्या परीक्षा घेत बसले होते आणि नापास मीच होत होते. पण त्या नापास होण्यात मजा होती. उन्हानं चटके बसायचे, पदरावर पीठ सांडायचं, आणि घरी येताना मी मनातल्या मनात गोदीची काळजी करत यायची.

दर्शनाला मी आज यादी दिली नाही. नुसत्या मथळ्याचा कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "कार्तिकीला ग्रंथालयात ने, कपाटासमोर बसव आणि तू चहा प्यायला जा. मधूनच उघडून बघू दे तिला. तुला आवडेल ते घेईलच असं नाही." दर्शनाला काही ते पटलेलं दिसलं नाही. "पण चांगलं असेल कशावरून?" म्हणाली. बरोबर आहे. मलाही पटलं नसतं. मला पटायला तेवढे पापड खावे लागले.

त्या उन्हाळ्यातही एक गोष्ट मला आतून टोचत होती. गच्चीवर वाचन चाललं होतं खरं, पण बायकांनी रेखाला शपथ घातली होती, आमच्याशिवाय पुढे वाचायचं नाही. आणि ती शपथ पाळत होती. पुस्तक रोज दप्तरात असून उघडत नव्हती. म्हणजे ती बायकांसाठी वाचत होती. जमली मैफल की आवाज लावायचा, उठली की पुस्तक बंद. हे आपणहून वाचणं म्हणायचं का? मला ठरवता येत नव्हतं आणि दिवस तर हातातून चालले होते. परीक्षा झाली. आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशी लोकांची दिवाळीच. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. अर्धी लिंबायत गावाकडच्या गाडीत बसते. रेखाचं घरही निघणार होतं, आणि गावाहून परत आली तरी ती आमच्या शाळेत येणार नव्हती.

आमच्या आचार्यांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा नियम होता, सुट्टीआधी सगळी पुस्तकं कपाटात हवीत. नियम मोडायची मला सवय नव्हती. शेवटच्या दिवशी मी वर्गातून फिरून पुस्तकं गोळा केली. रेखानं गोदीचं पुस्तक दिलं. तिकीट शेवटून नऊ पानांवर होतं. नऊच पानं! मी ते बघितलं, आणि तरी घेतलं. तिनं खिडकीकडे बघितलं. संध्याकाळी कपाट लावताना मी ती नऊ पानं उभ्या उभ्या वाचून काढली आणि मग स्टुलावर बसून राहिले. असला करंटेपणा नियमाच्या नावाखाली मी किती वर्षं करत आले होते, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाची कामं करायला शाळेत गेले तर पायरीवर सुमनबाई, धुरपामावशी आणि मागे रेखा. दुपारची गाडी होती. मावशींच्या काखेत प्रवासाचं गाठोडंसुद्धा होतं. मला वाटलं, दाखला हवा असेल.

"बेन," सुमनबाई म्हणाल्या, "त्या बकरीनं काय व्हयनं ते सांगी द्या. रातभर इचार करी ऱ्हायनूत."

"गावले जाईसन मी काय सांगू?" मावशींनी गाठोडं खाली ठेवलं. "तठे समद्या इचारतीन."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! गोष्ट मी कालच वाचलेली, अगदी ताजी. मी पदर खोचला, वर्गात लावते तसा आवाज लावला आणि म्हणाले, "ऐका. गोदी त्या तिसऱ्या गावात पोचते, तर तिथे—"

"सांगू नका, बेन!"

रेखा एवढ्या मोठ्यानं ओरडली की तिची तीच दचकली. दोन्ही कानांवर हात होते. "सांगू नका ना," ती पुन्हा म्हणाली, आता हळू. "मला वाचायचंय."

मी आत गेले, कपाट उघडलं, पुस्तक आणून तिच्या हातात दिलं. आचार्यांना काय सांगायचं ते नंतर बघू. ती पायरीवर बसली. दोन्ही बायका तिच्या पुढ्यात बसल्या, सवयीनं, गुडघ्यांवर हात ठेवून. रेखानं पान उघडलं आणि वाचायला लागली. आवाज मात्र येईना. ओठ मिटलेले, नुसते डोळे हलत होते.

"मोठ्यानं वाच ना वं," सुमनबाई म्हणाल्या.

"थांब ना माय," रेखा मान वर न करता म्हणाली. "पहिले मी वाचसू. मंग तुमले."

धुरपामावशींनी गाठोडं जवळ ओढून घेतलं. मीही पायरीवर टेकले. रेखानं पान उलटलं, खालच्या ओळींवर बोट ठेवून थोडी थांबली, आणि मग कशाला तरी एकटीच हसली. कशाला ते तिनं सांगितलं नाही, आणि आम्हा तिघींपैकी कुणी विचारलंही नाही.